उघाडीचं लाकूड आणि मेहेरबाईंचा पोपट

सोलीने तिसरी खुर्ची खाल्ली, तेव्हा मेहेरबाईंनी मला बोलावलंच नाही. गोपाळला बोलावलं.

मी त्या वेळी मिठागरावर उघाडीपाशी गुडघाभर चिखलात उभा होतो. उघाडी म्हणजे आगराच्या बांधातला लाकडी दरवाजा. भरतीला तो उचलून खाडीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटी लागायच्या आधी पाडून ते आत कोंडायचं. पाणी उन्हाने आटलं की मीठ. दरवाजा नीट बसला नाही तर महिन्याभराची मेहनत रात्रीतून परत खाडीत. भाईंदर ते मुर्धा या पट्ट्यातल्या बऱ्याच उघाड्या माझ्या हातच्या. तेवढ्यात मिठाची टोपली डोक्यावर घेतलेली एक बाई बांधावरून जाता जाता म्हणाली, "नारानदादा, बंगल्यान तो नवा मानूस गेलाय, हत्यारांची पेटी घेवन."

माझ्या पोटात दुखायला लागलं, ते तिथपासून.

आता बंगल्याचं महत्त्व सांगतो. आमच्या आगराचे मॅनेजर पारशी होते. त्यांची थोरली बहीण मेहेरबाई बंगला सांभाळायची. आगरावर सुतार सात-आठ असतील, पण बंगल्याचं काम ज्याच्याकडे, त्यालाच सगळे 'मिस्त्री' म्हणायचे. बाकीचे नुसते सुतार. पगारात काही फरक नव्हता. फरक होता तो हाकेत. चौदा वर्षं ती हाक माझी होती. आणि हा गोपाळ कातारी, सावंतवाडीकडचा, येऊन पुरते तीन महिने झाले नव्हते. कातारी म्हणजे लाकूड फिरवून त्याला गोल आकार देणारा कारागीर. त्याच्याकडे पायाने चालवायचा लेथ होता. पायटा दाबला की लाकूड गरगर फिरायचं, हा वर पटाशी टेकवायचा, की झालं गुळगुळीत. मी रंधा मारून जे दोन तासांत करायचो, ते तो विडी संपायच्या आत करायचा. विडी ओढत नव्हता, ही गोष्ट वेगळी. त्याच्यात तेवढंही व्यसन सापडू नये, याचासुद्धा मला राग यायचा.

सोली हा मेहेरबाईंचा पोपट. साधा नव्हे, मोठा पहाडी, खांद्यावर लाल डाग असलेला. बाईंना मूलबाळ नव्हतं. सोली अठरा वर्षांचा होता आणि बाईंच्या ताटाशेजारी त्याची बशी लागायची. दिवसभर व्हरांड्यात मोकळा फिरायचा आणि खायचा. पेरू, डाळ, आणि फर्निचर.

यात त्याचा दोष नाही. पोपटाची चोच आपल्या नखासारखी जन्मभर वाढते. झिजवली नाही तर वाकडी होते आणि दाणा फोडता येत नाही. म्हणून त्याला सारखं काहीतरी कुरतडायला लागतं. नाही मिळालं तर तो खुर्ची धरतो, आणि खुर्चीही काढून घेतली तर स्वतःचीच पिसं उपटायला लागतो. सोलीची छाती एका बाजूने उघडी पडायला लागली होती. चौदा वर्षांत त्याने खाल्लेलं प्रत्येक लाकूड मी दुरुस्त केलं होतं, पण त्याला खायला म्हणून काही करून द्यावं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते आलं गोपाळच्या.

त्याने एका दांडीवर लाकडाच्या पाच चकत्या ओवल्या होत्या. लेथवर फिरवलेल्या, लाखेने लाल केलेल्या. चोच लावली की चकती फिरायची, सोली तिच्यामागे जायचा, मग दुसरी फिरायची. संध्याकाळी मी मुद्दाम काहीतरी निमित्त काढून बंगल्यावर गेलो. बाई आनंदाने फुलून गेल्या होत्या.

"जो नारायण, जो, बघ जरा! सकाळपासून एक पण पीस नाय काढला. केवो हुशार माणूस आहे तो गोपाळ!"

"छान आहे," मी म्हणालो.

पण खरा घाव पुढेच बसायचा होता. सोली आवाजांची नक्कल करायचा. माझ्या रंध्याचा सर्र सर्र आवाज तो इतका हुबेहूब काढायचा की मॅनेजरसाहेब आतून ओरडायचे, "नारायण, आज सुट्टी आहे!" आठवड्याभरात सोली घुर्र घुर्र करायला लागला. लेथ! मी व्हरांड्याच्या पायरीवर उभा आणि तो पक्षी माझ्याकडे बघून लेथ चालवतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी जेवताना बायको म्हणाली, "भात निवला. तुमी पोपटावर जलताव का त्या मानसावर?"

"कोणावर नाही."

"मंग भातावर जलताव जनू," ती म्हणाली आणि माझं ताट पुढे सरकवलं.

मी ठरवलं, सोलीला असं काहीतरी करून द्यायचं की ते लेथवर होणारच नाही. एकाच लाकडातून कोरलेली साखळी. सात कड्या, एकमेकींत अडकलेल्या, कुठे जोड नाही, खिळा नाही, सरस नाही. लेथवाल्याने जन्मभर पाय मारला तरी त्याला ती जमायची नाही.

इथे मी माझ्या बाजूने एक गोष्ट नोंदवतो. मी आंधळेपणाने काम केलं नाही. बऱ्याच विचाराने केलं. रंग नको, कारण तो खरवडून पोटात जाणार. खिळा-स्क्रू नको, कारण चोच त्यांना हलवून काढते. सुतळी नको, कारण तिचे धागे गिळले जातात किंवा नखाला गुंडाळतात. कडी इतकी लहान हवी की त्यात डोकं जाणार नाही, आणि इतकी मोठी की पायाचं बोट अडकून बसणार नाही. बाजारातलं नवं लाकूडही नको, कारण वखारीत भुंग्यापासून वाचवायला त्याला मोरचूद लावतात, आणि मोरचूद म्हणजे विष. कण्हेरीसारख्या चिकाच्या झाडाची फांदी तर बघायचीसुद्धा नाही. हे सगळं मी बरोबर ओळखलं होतं. आजही कोणी विचारलं तर हेच सांगेन.

मग लाकूड कोणतं? माझ्या पोटमाळ्यावर उघाडीच्या जुन्या फळ्या होत्या. वीस-वीस वर्षं खाडीच्या पाण्यात उभा राहिलेला साग. त्याला भुंगा लागत नाही, वाळवी लागत नाही, कसलं औषध मारावं लागत नाही. आमच्या धंद्यात म्हणायचे, उघाडीचं लाकूड नातवाला पुरतं. त्याची फळी मी कोणालाही देत नसे. माझ्या पोरीच्या लग्नातला चौरंग तेवढा त्याचा केला होता. त्यातली सगळ्यात चांगली फळी खाली उतरवली आणि नऊ दिवस बसून साखळी कोरली.

बाईंनी ती हातात घेऊन खुळखुळवली. "आमां, ह्यात जोड किधर आहे?"

"नाहीच जोड, बाई."

"जादू छे," त्या म्हणाल्या. मी पायऱ्या उतरलो तेव्हा मला चार इंच उंची वाढल्यासारखं वाटत होतं.

आणि सोलीने काय केलं म्हणता? गोपाळच्या चकत्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सकाळी उठल्यापासून तो माझ्या साखळीला चिकटायचा. कुरतडायचा, जिभेने घोळवायचा, पुन्हा कुरतडायचा. खायला बोलावलं तरी यायचा नाही. आगरावर मी ही बातमी ज्याला त्याला सांगितली. गोपाळलाही सांगितली. तो लेथवरून मान वर करून म्हणाला, "बरां झाला, मेस्त्री. पक्ष्याक आवाडला ना, मग झाला." त्याचं मन मोठं होतं, आणि मला तेही टोचलं. रडला असता तर मला बरं वाटलं असतं.

बारा दिवसांनी बाईंचा निरोप आला. गेलो. सोली दांडीवर बसला होता, पण पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून. पाण्याची वाटी रिकामी. बाई म्हणाल्या, "दिवसात पाच वेळा वाटी भरते मी. पाणी पिते नि पाणीच बाहेर काढते. दाणा खात नाय. तू जुना माणूस, तू बघ, काय झाला?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. पण तोंड माझं, आणि आत साठलेलं बरंच. दांडीवरच्या लाल चकत्यांकडे बोट करून मी म्हणालो, "बाई, रंग आहे तो. सावंतवाडीकडच्या रंगात हरताळ असतो. हरताळ म्हणजे विष. तो आधीच पोटात गेलाय."

हरताळ पिवळा असतो हे मला ठाऊक होतं. चकत्या लाल होत्या हे मला दिसत होतं. तरी मी बोललो.

बाईंनी चकत्या स्वतःच्या हाताने काढून अंगणात फेकल्या. गोपाळला निरोप गेला की बंगल्याची पायरी चढायची नाही. संध्याकाळी आगरावरून परतताना मुकादमाने हाक मारली, "काय मिस्त्री, चाललात?" चौदा वर्षांत ती हाक मला इतकी गोड लागली नव्हती.

सोली मात्र उतरतच गेला. दुसरं खेळणं काढून घेतल्यामुळे त्याला आता माझी साखळीच उरली होती. ती संपत आली तेव्हा बाई म्हणाल्या, त्याला एवढंच बरं वाटते, दुसरी कर. मी केली. जाड कड्यांची. आज हे लिहिताना मान खाली जाते, पण त्या वेळी मी ती मोठ्या अभिमानाने करत होतो. ती टांगल्यावर तिसऱ्या दिवशी सोली दांडीवरून घसरला. पाय धरत नव्हते. बाईंनी त्याला शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. बशी त्यांच्याही पुढे तशीच होती, न उष्टावलेली. "अठरा वरस," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी गोपाळ माझ्या कामाच्या छपरीत आला. मी भांडणाच्या तयारीने उठलो. तो भांडला नाही. म्हणाला, "त्या साखळीचा लाकूड आसा काय तुमच्याकडे? एक तुकडो बघूक होयो."

मी कोपऱ्यातला तुकडा त्याच्याकडे टाकला. त्याने तो उजेडात धरला, नखाने खरवडला, आणि सरळ जिभेला लावला.

मी हसलो. "काय, चव घेतोस?"

तो हसला नाही. पुन्हा लावला, जमिनीवर थुंकला. "मेस्त्री, ह्या मीठ आसा."

"काय?"

"लाकूड न्हय ह्या. मीठ आसा. आमच्याकडे खेळणा दुकानातून भायर जाऊच्या आदी जिबेक लावन बघतत. पोर काय, पयला तोंडातच घालता. बघा तुमी."

मी तुकडा जिभेला लावला. मला काहीच लागलं नाही. खरं सांगतो, काहीच नाही. आगरावर जन्म गेलेला माणूस मी. आमचे हात खारट, घाम खारट, विहिरीचं पाणी खारट, वारासुद्धा ओठांवर मीठ ठेवून जातो. मला कुठून कळणार? गोपाळने मडक्यातलं पाणी मला चूळ भरायला लावलं, गुळाचा खडा तोंडात दिला, तो विरघळल्यावर पुन्हा तुकडा पुढे केला. तेव्हा कळलं. वीस वर्षांची खाडी त्या सागाच्या पोटात जशीच्या तशी होती. भुंगा लागत नव्हता तो म्हणूनच.

सोली माझ्या कारागिरीवर भाळला नव्हता. गुरं मिठाचा खडा चाटतात, तसा तो साखळी चाटत होता. जितकं चाटायचा तितकी तहान, जितकी तहान तितकं पाणी. आणि चिमणीएवढा तो जीव.

गोपाळ दारात थांबला. "माका बंगल्यार येवक बंदी आसा. तुमीच सांगा," म्हणाला आणि गेला. बंदी कोणामुळे, हे त्याने उच्चारलं नाही. त्याला ठाऊक होतं की नाही, हेही मला कधी समजलं नाही.

मी लगेच धावत गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी गेलो नाही. मी आधी मागच्या दारच्या पेरूची फांदी तोडली, साल तासून तिचे चार ठोकळे केले आणि पिशवीत घातले. बेत असा, की गुपचूप साखळी काढायची, ठोकळे टांगायचे. पोपट वाचेल, मिस्त्रीपण वाचेल, गोपाळचं मग बघू.

बाई शाल घेऊन तिथेच बसल्या होत्या. मी साखळीला हात घातला.

"ते का काढते तू? ते तर त्याला आवडते."

मी म्हणालो, "जरा बदल, बाई."

"आजारी पोराचा आवडता खेळणा कोण काढते? ठेव."

मी हात खाली घेतला. साखळी तिथेच राहिली, आणि शालीतून सोलीने मान काढून तिच्याकडे चोच उघडली. तेवढ्या अशक्तपणातही त्याला तेच हवं होतं. मग माझ्याने राहवलं नाही.

"बाई, या लाकडात मीठ आहे. उघाडीचं आहे ते. त्यानेच तो तहानेने मरतोय."

"रंगाने नाय?"

"नाही."

"गोपाळच्या चकतीने नाय?"

"नाही, बाई."

"तर तू मला सांगितला ते काय?"

"ते मी जळून सांगितलं."

बाईंनी मला शिवी दिली नाही. पारशी बाईची शिवी ऐकायची माझी तयारी होती, ती मिळाली असती तर हिशेब मिटला असता. त्या उठल्या, साखळी ओढून काढली, माझ्या हातात दिली. "जा, गोपाळला बोलाव. तू बोलाव. माझा माणूस नाय जाणार."

बंगल्यापासून गोपाळच्या झोपडीपर्यंतचा बांध मी हजार वेळा चाललो असेन. त्या दिवशी तो फार लांब होता. गोपाळ लेथवर बसला होता. मी म्हणालो, "बाईंनी बोलावलंय. रंगाचं मी सांगितलं होतं. खोटं होतं." त्याने पायटा थांबवला, हात पुसले आणि म्हणाला, "पक्षी जितो आसा मां?" मी हो म्हणालो. "मग चला."

पुढचे चार दिवस आम्ही दोघं त्या व्हरांड्यात होतो. स्टेशनाजवळच्या गोड्या विहिरीचं पाणी आणून, दर थोड्या वेळाने चोचीत थेंब थेंब. काकडीचे काप, पिकला पेरू. पाचव्या दिवशी सोलीने माझं बोट असं काही फोडलं की रक्त आलं. बाई टाळ्या वाजवायला लागल्या. माझ्या बोटाची कोणी विचारपूस केली नाही.

मग खेळण्यांचं काम नव्याने निघालं, आणि ते दोघांनी मिळून केलं. लाख नाही, कसलंच पॉलिश नाही. पेरूच्या सोललेल्या फांद्या. नारळाची करवंटी, आतून बाहेरून घासून, कडा मोडलेल्या. मक्याचं वाळलेलं कणीस. घोसाळ्याची सुकी जाळी, जी पोपटाला पिसं उपटल्याचा आनंद देते आणि पिसं शाबूत ठेवते. सुतळीच्या जागी झावळीच्या पात्या, कारण पात गिळली गेली तरी निभावतं. मोडलं की फेकायचं, नवं टांगायचं. माझ्यासारख्या सुतारालाच ते शिकायला वेळ लागला. आम्ही वस्तू टिकावी म्हणून करतो, आणि पोपटाचं खेळणं मोडावं म्हणूनच करायचं असतं. महिन्या-दोन महिन्यांत सोलीची छाती पुन्हा हिरवी झाली.

सगळं सुरळीत झाल्यावर बाईंनी आम्हाला समोर उभं केलं आणि निकाल दिला. "आजपासून गोपाळ मिस्त्री. नारायण, तुझा काम पण चालू. उघाडी तुझी, बंगल्यात पण ये. पण तू जे काय आणशील, सोलीसाठी नि स्वयंपाकासाठी, ते पहिले गोपाळ चाटणार. तो बरा बोलला तरच आत."

मला वाटलं, रागाच्या भरात म्हणाल्या, विसरतील. बाई विसरणाऱ्यातल्या नव्हत्या. लढाई सुरू झाली, लाकूड महाग झालं, लढाई संपली, साहेब बदलले, तोपर्यंत हा नियम चालला. सोलीचा ठोकळा असो, पोळपाट असो की लोणच्याच्या बरणीचं झाकण, मी ते घेऊन गोपाळच्या लेथपाशी जायचो आणि उभा राहायचो. आगरातली माणसं बघायची. तो हातातलं काम थांबवायचा, माझी वस्तू उलटीसुलटी करायचा, डोळे मिटून जिभेला लावायचा. मी हाताची घडी घालून दुसरीकडे बघायचो.

धंद्यातला धडा विचाराल तर एवढाच, की लाकूड टिकतं कशामुळे, हे आधी विचारावं, मगच ते कोणाच्या तोंडाशी न्यावं. पोपट हावऱ्यासारखा एखाद्या वस्तूला चिकटला, तर कौतुक नंतर करावं, आधी ती वस्तू चाटून बघावी.

माझा मत्सर त्याने गेला का, असं बायकोने बरेचदा विचारलं. नाही गेला. त्याच्याकडे लेथ होता, मिस्त्री ही हाक होती, आणि आता माझ्या कामावर त्याची जीभही होती. पण तो लाकूड तोंडातून काढून "बरा आसा" म्हणेपर्यंत मी श्वास रोखून उभा असायचो, आणि त्याने तसं म्हटलं की मला दिवसभर बरं वाटायचं. याचा मला आजही राग येतो.